न धुतलेली भुईआवळी

कावीळ झालेला माणूस दारात आला की मी त्याला आधी उन्हात उभं करायची. खालची पापणी बोटानं ओढायची, डोळा बघायचा, मग नखं, मग तळहात. लघवी कोणत्या रंगाची होते ते विचारायची. माणसं लाजायची. मी म्हणायची, लाजायचं असंल तं घरी जा. मग सांगायची, उद्यापासून तीन दिवस, दिवस उगवायला, उपाशीपोटी यायचं. तेल बंद, तिखट बंद, ऊन बंद, काम बंद.

हे काम मला सासूनं दिलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिनं शाळा पाहिली नव्हती. पण कावीळ उतरवणारी म्हणून तिला आसपासच्या गावांत मान होता. कळमनुरीहून, आखाडा बाळापूरहून बैलगाडीत घालून माणसं आणत. मरायच्या दोन वर्षं आधी तिनं मला पहाटे सोबत नेलं आणि झाड दाखवलं. वीतभर उंचीचं. पाला आवळ्यासारखा बारीक, आणि पानांच्या खाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं चिकटलेली. भुईआवळी. मला हसू आलं. हे झाड मी लहानपणापासून निंदून बांधावर फेकत आले होते.

सासू हसली नाही. तिनं नियम सांगितले. उजाडायच्या आधी जायचं. जाता-येता कोणाशी बोलायचं नाही. कुठून आणलं ते कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. मुळासकट उपटायचं, माती झटकायची, पण पाणी लावायचं नाही. दार लावून पाट्यावर वाटायचं आणि त्यात थोडा माक्याचा पाला घालायचा, म्हणजे चोथा पाहून कोणाला झाड ओळखू येत नाही. गाईच्या ताकात द्यायचं. बदल्यात काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा.

मी विचारलं, "धुवायचं काहून न्हाई?"

"धुतलं की कस उतरतो. जास्त विचारू नको."

तिच्या काळी ते चालून गेलं. तेव्हा बांधावर धूळ आणि शेळ्यांचं मूत याशिवाय काही पडत नव्हतं.

चाळीस वर्षं मी हे केलं. किती बरे झाले ते मोजलं नाही. जे बरे झाले ते माझ्या औषधानं झाले आणि जे मेले ते उशिरा आले म्हणून मेले, असं मी धरून चालले. गावानंही तसंच धरलं. पुसेगावकडची एक बाई तिसऱ्या दिवशी बेशुद्ध पडली आणि गेली. तिच्या नवऱ्यानं माझ्या पाया पडून सांगितलं, आमीच उशीर केला. मी मान हलवली. आता आठवलं की वाटतं, मान हलवणं किती सोपं होतं.

झाड मिळणं मात्र दरवर्षी अवघड होत गेलं. आधी विहिरीजवळचं गेलं, मग शाळेमागचं. बायका निंदायला मिळत नाहीत म्हणून लोकांनी तणनाशक धरलं. एका दुपारी हिरवा असलेला बांध दुसऱ्या दुपारी भाजल्यासारखा दिसायचा. भर पावसाळ्यात, सगळीकडे पाणी आणि मधेच वाळकं गवत. सोयाबीनमध्ये वेगळं मारत, हळदीत वेगळं, बांधावर सगळं जाळणारं. आमच्या गल्लीत एकाच हंगामात दोन शेळ्या गाभडल्या. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पाला बाधला. पाला कोणता, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. शेवटी माझ्याकडं एकच जागा उरली. कॅनलच्या पलीकडं एका हळदीच्या वावराचा बांध. ती फक्त मला माहीत होती.

गावात ही फवारणी करणाऱ्यांत माझा पुतण्याही होता. माझ्या धाकट्या दिराचा एकुलता एक मुलगा. दीर वारला, जाऊ आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. वय तिशीच्या आत. स्वतःचं रान थोडं, म्हणून पाठीवर पंप अडकवून लोकांच्या शेतात औषध मारायचा. पंप गळका होता. त्याच्या सदऱ्याची पाठ कायम हिरवट निळी असायची. तोंडाला रुमाल बांधायचा, आणि तोच रुमाल झटकून त्यावर भाकर ठेवून खायचा.

मी एकदा म्हणाले, "हात तं धू, मुडद्या."

तो म्हणाला, "मोठीमाय, तू कावीळ उतरवायला हाईस तवर मला काय व्हतंय? भिंतीपल्याड दवाखाना हाय आपला."

जाऊ हसली. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

भादव्यात त्याचे डोळे पिवळे झाले. बायको पहिलटकरीण, सातवा सरून माहेरी गेलेली. आठ दिवस त्याला जेवण जात नव्हतं, पण कामाचा हंगाम म्हणून कोणाला बोलला नाही. जावेनं त्याला माझ्या दारात आणून उभं केलं. पापणी ओढायचीही गरज नव्हती. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, डावा अजून तसाच आहे. डाव्यानं मला पांढरं लुगडंही पिवळट दिसतं. म्हणून मी डावा झाकून बघितलं. हळदीत बुडवल्यासारखा डोळा.

जाऊ म्हणाली, "हिंगोलीला दाखवावं का, बाई?"

मी म्हणाले, "आधी तीन दिवस माझं घेऊ दे."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही.

त्याला बजावलं, घराबाहेर पाय टाकायचा नाही. त्यानं होकार दिला. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. पहाटे मी कॅनल ओलांडून गेले, मूठभर झाडं उपटून आणली, वाटली, ताकात दिली. तो गटागटा प्यायला आणि म्हणाला, "कडू हाय पण बायकोच्या बोलण्यापेक्षा बरं हाय." आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो दिवस नीट गेला. संध्याकाळी सगळ्या गल्लीतल्या बायका जावेच्या घरी जमल्या. महालक्ष्म्यांना साड्या नेसवणं, मुखवटे बसवणं, फराळाच्या माळा बांधणं. तो मागच्या खोलीत पडलाय असं आम्ही धरून चाललो होतो. दार लोटलेलं होतं. कोणी उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या पहाटे मी परत गेले. अंधार फिकट झालेला. झाडं चांगली टवटवीत होती, पानं ओली होती. मला वाटलं, दव. वास येत होता, उग्र, नाकात बसणारा. तो वास मला ओळखीचा होता. पण त्या दिवसांत सगळ्या शिवाराला तोच वास असतो. कुठून येतो हे बघायला माणूस थांबत नाही. वाटेत एक जण भेटला, टमरेल घेऊन चाललेला. त्यानं विचारलं, "काकू, इतक्या पहाटं?" मी नियमाप्रमाणं तोंड बंद ठेवून पुढं गेले. मी थांबून बोलले असते, तर कदाचित त्यानं सांगितलं असतं की काल संध्याकाळी त्या बांधावर कोण होतं. कदाचित नसतंही सांगितलं.

मी झाडं आणली, माती झटकली, धुतली नाहीत.

त्यानं पेला तोंडाला लावला आणि थांबला. "आज कालच्यापरीस कडू हाय."

मी म्हणाले, "कडू हाय म्हणूनच गुण हाय. पी."

तो प्यायला.

त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरण, सोळा भाज्या, आंबील. सगळ्या घरात तळणाचा वास. त्याला भात आणि ताक. दुपारनंतर जाऊ माझ्याकडं आली. "बाई, त्याला मीठ न्हाई, तिखट न्हाई, तरी तोंड आलं म्हणतो. जीभ पांढरी पडली. गिळताना आग व्हते."

मी म्हणाले, "औषधाची उष्णता हाय. गुण येऊन राहिला."

ती समाधानानं परत गेली आणि तिनं महालक्ष्मीपुढं आणखी एक दिवा लावला.

तिसऱ्या पहाटे मी बांधावर पोचले तेव्हा उजाडत होतं. उशीर झाला म्हणून मी चालण्याची घाई केली होती. बांधावर हिरवं काही नव्हतं. गवत, माका, भुईआवळी, सगळं उन्हात टाकलेल्या चिंध्यांसारखं झालेलं. पानांवर तपकिरी ठिपके, देठ माना टाकलेले. हळदीचं पीक मात्र आत छान उभं होतं. बांध असा एका दिवसात कशानं जळतो हे मला माहीत होतं. संध्याकाळी मारलं तर सकाळी झाड हिरवंच दिसतं. ऊन लागलं की जळतं. म्हणजे परवा संध्याकाळी मारलं होतं. काल पहाटे मी उपटली ती झाडं ओली होती. ते दव नव्हतं.

 गावाकडून आरतीचा भोंगा ऐकू येत होता. खाली वाकून एक जळलेलं झाड उपटलं आणि पदरात घेतलं. परत येताना मी बोलले नाही, पण नियमामुळं नाही.

दारात जाऊ ताकाचा तांब्या घेऊन वाट बघत होती.

"आज न्हाई द्यायचं," मी म्हणाले.

"काहून? तिसरा दिस चुकला तं पहिले दोन वाया जातात म्हणता ना?"

मी तिला बाजूला करून आत गेले. तो खाटेवर बसला होता. ओठ सोलवटलेले, गळ्यात टॉवेल. मी विचारलं, "परवा सांजच्याला कुठं व्हतास?"

"घरीच."

"घरी कुठं?"

"हितंच. पडून व्हतो. माय, हिला सांग ना."

जाऊ म्हणाली, "व्हय बाई, घरीच व्हता. मी सोताच दार लोटलं."

मला कळलं की असं विचारून तो बोलणार नाही. पथ्य मोडल्याचं कबूल केलं तर औषधाचा गुण जाईल, अशी भीती त्यालाही होतीच, ती मीच घातली होती. आणि मी जागा सांगितली तर माझा गुण जाणार होता. आम्ही दोघं आपापला गुण धरून बसलो होतो आणि त्याची जीभ सोलत होती.

मी पदरातलं झाड त्याच्या पुढ्यात टाकलं. "ही भुईआवळी. हीच मी देते, दुसरं काही न्हाई. तुझं औषध मी कॅनलच्या पल्याड, हळदीच्या बांधावरून आणलं. कालचं बी तिथलंच."

त्यानं झाडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हसला. हसताना ओठातून रक्त आलं.

"तो बांध तं मीच मारला, मोठीमाय. मालक म्हणाला पाऊस यायचा हाय, आजच मार. अर्ध्या तासाचं काम व्हतं. तुमी बाया साड्या नेसवत व्हत्या तवा मागल्या दारानं गेलो." टॉवेलानं ओठ पुसून तो म्हणाला, "म्हंजे मीच मला मारलं की."

जावेच्या हातातला तांब्या पडला नाही. तिनं तो नीट खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुमी याला औषध देता असं मी समजत व्हते. आन हा घरात हाय असं समजत व्हते." त्यानंतर ती माझ्याशी तीन महिने बोलली नाही.

गावातल्या एकाची जीप काढून हिंगोलीला नेलं. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं विचारलं, घरी काय काय दिलं. जाऊ माझ्याकडं बघत होती. मी सगळं सांगितलं. झाडाचं नाव, माका, ताक, बांध, न धुणं. चाळीस वर्षं दाराआड ठेवलेलं दोन मिनिटांत संपलं. तणनाशकाचा डबा पुतण्यानं सोबत घ्यायला लावला होता, तो मी टेबलावर ठेवला. डब्यावरची चिठ्ठी वाचून तिनं नर्सला हाक मारली आणि मग तिचं बोलणं भराभर झालं.

नंतर, त्याला आत नेल्यावर, मी तिला विचारलं, "माझ्या झाडानं बिघडलं का?"

ती म्हणाली, "आजी, झाडाला मी नावं ठेवत नाही. पण कावीळ पाण्यातून आली, रक्तातून आली, पित्ताच्या नळीत खडा अडकून आली की लिव्हरवर विष चढून आली, हे रक्त तपासल्याशिवाय मला कळत नाही. झाडाला कळत नाही. तुम्हाला कसं कळत होतं?"

मला पुसेगावकडची बाई आठवली.

तिनं सांगितलं की त्याचं लिव्हर आधीच सुजलेलं होतं. पंपाच्या औषधानं की आणखी कशानं, ते नक्की सांगता येत नाही. त्यावर पुन्हा हे पोटात गेलं. किती गेलं, माहीत नाही. आता किडनी आणि छाती बघायला लागेल. त्याच दिवशी नांदेडला पाठवलं. तिथं तो पंधरा दिवसांच्या वर होता. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायची. जाऊ माझ्यापासून चार हात लांब बसायची. डबा आला की अर्धी भाकर ती माझ्याकडं सरकवायची, न बोलता. मी खायची. उपाशी राहून काही सुधारणार नव्हतं.

तो वाचला. त्याला मी वाचवलं नाही, हे इथं लिहून ठेवते, कारण गावात काही जण अजून म्हणतात की पहिल्या दिवसाच्या औषधानंच तो तगला. घरी आला तेव्हा सदरा अंगावर टांगल्यासारखा होता. जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पंपाला हात लावायचा नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पुढं दिवाळीत त्याला मुलगी झाली. बाळाला मांडीवर घ्यायच्या आधी तो हात धुवायचा. दोनदा, साबणानं. ते बघून जाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आता धुतो."

मी मारुतीच्या पारावर गेले आणि सगळ्यांसमोर झाड ठेवलं. म्हणाले, ही भुईआवळी, हेच माझं औषध. याचा गुण असंल, नसंल, मला माहीत न्हाई. आधी रक्त तपासा. बांधावरचा कोणताच पाला तोंडात घालू नका. माझ्या दारात आता कोणी येऊ नका.

एक म्हातारा म्हणाला, "नाव सांगितलं. झालं. गेला गुण."

मला वाटलं होतं, इतकं सांगितल्यावर लोक सावध होतील. झालं उलटं. इतकी वर्षं ते झाड फक्त मी उपटत होते. आता सगळं गाव उपटतं. डोळा जरा पिवळा दिसला की बांधावर जातात, मूठभर आणतात. गेल्या पावसाळ्यात बाळापूरच्या बाजारात मेथीच्या शेजारी भुईआवळीच्या जुड्या दिसल्या. मी बाईला विचारलं, कुठली? ती म्हणाली, "बांधावरची हाय, मावशी. एकदम ताजी. हात लावून बघा, वली हाय अजून."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "घ्यायची नसंल तं नका घेऊ, गिऱ्हाईक मोडू नका."

पुतण्यानं एक हंगाम पंप धरला नाही. भिंतीला टेकून बसायचा आणि मुलीला खेळवायचा. यंदा गावात फवारणीचं ड्रोन आलं. ते घेऊन येणाऱ्यांना औषध पाण्यात कालवून द्यायला माणूस लागतो. तो जायला लागला. मी भांडले. तो म्हणाला, "पाठीवर न्हाई आता, मोठीमाय. वरून मारतंय ते. आन मला हातमोजे देल्यात."

हातमोजे त्याच्या घरात खुंटीला टांगलेले आहेत. पिशवीतून काढताना पडलेली घडी अजून मोडलेली नाही.

आधी निदान एका माणसाला माहीत असायचं की कोणत्या बांधावर काय पडलं. आता ते डोक्यावरून गुणगुणत जातं. वारा असेल तिकडं उतरतं. माझ्या अंगणात तेलाच्या डब्यांत मी चार भुईआवळ्या लावल्या आहेत, कशासाठी लावल्या मला सांगता येणार नाही. आवाज आला की मी त्यांच्यावर जुनं लुगडं टाकते.

रोज सकाळी मी त्याला हाक मारते आणि उन्हात उभं करते. सवय आहे. तो आता कुरकुर करत नाही, स्वतःच पापणी खाली ओढतो. मुलगी त्याच्या पायाला धरून उभी असते आणि तीही आपली पापणी ओढते.

परवा तो उभा राहिला. मी डावा डोळा झाकून उजव्यानं बघितलं. मग उजवा झाकून डाव्यानं. मग परत उजव्यानं, त्याची हनुवटी धरून, सूर्याकडं वळवून. दोन्ही डोळ्यांनी मला एकच रंग दिसला.

तो म्हणाला, "काय दिसलं?"

मागं जाऊ चुलीपुढून उठून दारात आली होती. तिची नजर अंगणातल्या डब्यांवर गेली. मग माझ्यावर.

मी म्हणाले, "चप्पल घाल. हिंगोलीची गाडी नऊला हाय."